साडेपाचची गळती

साहेबांची गाडी पहिल्यांदा अडकली ती एका लांबलचक पुलाच्या मधोमध. मागे चोवीस टन काच, पुढे उतार आणि वेग अगदी नियमात. आधी रस्ता थबकला, मग आभाळ थबकलं, मग दोन्ही एकदम ढांगभर पुढे गेले आणि पुन्हा थबकले. साहेबांनी ब्रेक दाबला. तो लागलाही असेल, पण लागल्याचं दिसेपर्यंत गाडी कठडा तोडून खालच्या हिरव्यागार शेतात उभी होती आणि वायपर तेवढे इमानेइतबारे हलत होते.

“बाबा, तुम्ही शेतात आहात,” हेडफोनमधून लेकीचा आवाज आला.

“दिसतंय मला.”

“बरं, ते जाऊ दे. मला एक विचारायचं होतं तुम्हाला. म्हणजे असं झालंय की...”

पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांनी आलं, नळात हवा भरल्यावर पाणी येतं तसं. ते सुरळीत झालं तोवर साडेसहा वाजून गेले होते आणि तिला निघायचं होतं. साहेब म्हणाले, मग फोनवर विचार. ती म्हणाली, “नको. फोनवर नको. पुढच्या रविवारी गाडीत बोलू.”

आता ही गाडी कुठली, तर लॅपटॉपमधली. चौसष्ट वर्षांचा, रक्तदाबाची गोळी घेणारा, पाणीपुरवठा खात्यातून हारतुरे घेऊन निवृत्त झालेला माणूस दर रविवारी साडेपाच ते साडेसहा दार लावून अठरा चाकी ट्रक चालवतो, हे सोसायटीत कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. म्हणून साहेबांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. लॅपटॉप लेकीचा जुना, गेमिंगचा, काळाकुट्ट आणि पाटीसारखा जड. नवा घेतल्यावर तिने हा वडिलांच्या गळ्यात मारला, त्यात ट्रकचा गेम घालून दिला आणि सांगितलं, मी माझ्या शहरातून चालवीन, तुम्ही तुमच्या खोलीतून चालवा, दोघांच्या गाड्या एकाच रस्त्यावर असतील.

त्याआधी बापलेकींचं बोलणं फोनवर व्हायचं, ते असं. “बरी आहेस?” “हो. तुम्ही?” “मी बरा. घे, आईला देतो.” पुढची चाळीस मिनिटं मायलेकी बोलत आणि साहेब बाजूला पेपर उघडून एकच बातमी चाळीस मिनिटं वाचत. ट्रकमध्ये मात्र निराळंच झालं. समोर रस्ता, दोघांची नजर रस्त्यावर, एकमेकांचा चेहरा दिसत नाही, आणि मध्ये पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही तरी कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. सहाव्या की सातव्या रविवारी सिमेंट घेऊन एका बोगद्यातून जाताना लेकीने आपणहून कबूल केलं, की नववीत ती गणितात नापास झाली होती आणि प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही तिनेच ठोकली होती. साहेब म्हणाले, “माहीत होतं मला. माझी सही इतकी वाचता येत नाही.” मग बोगदा संपेपर्यंत दोघं हसत होते. एकतीस वर्षं साहेबांना मुलगी होती, पण तिची ओळख झाली ती या रस्त्यावर. आणि आता तिला काहीतरी विचारायचं होतं, ते फक्त इथेच विचारायचं होतं, आणि नेमका इथेच रस्ता थबकत होता.

साहेब ट्रक चालवत ते खात्याची जीप असल्यासारखा. मैलोन् मैल मागेपुढे कुणी नसलं तरी वळताना इंडिकेटर देत. सिग्नल लाल असला की थांबत, आणि लेक म्हणायची, “बाबा, इथे कुणी दंड करत नाही हो,” तेव्हा म्हणत, “दंडासाठी थांबतो का मी?” अशा माणसाची गाडी कठडा तोडून शेतात जावी, ही साधीसुधी गोष्ट नव्हती. त्यांनी त्याच संध्याकाळी कपाटातून दोनशे पानी वही काढली, तिच्यावर ‘लॅपटॉप : तक्रार नोंद’ असं लिहिलं आणि दिनांक टाकला.

खात्यात ते गळती निरीक्षक. जमिनीखालचा पाइप नेमका कुठे गळतो, ते रस्ता न खणता वरून सांगायचं, हे त्यांचं काम. पाठीमागे लोक त्यांना ‘गळतीसाहेब’ म्हणत आणि तोंडावर नुसतं ‘साहेब’. त्यांच्या बायकोलाही सोसायटीत नावाने कुणी हाक मारत नसे. ती पूर्वी शाळेत शिकवायची, ते सुटून सत्तावीस वर्षं झाली होती, तरी ती सगळ्यांची ‘बाई’च होती. तेव्हा घरात एक साहेब आणि एक बाई अशी दोनच माणसं, आणि दोघांनाही आपापलं पद सोडवत नव्हतं.

वहीतल्या नोंदी आठ दिवसांतच विचित्र दिसू लागल्या. सोमवारी साहेबांनी एकट्याने ट्रक चालवून पाहिला, लोण्यासारखा चालला. मंगळवारी चालला. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, अगदी शनिवारी भर दुपारी, बाहेर डांबर वितळत असताना चालला. रविवारी पाच वाजून चौतीस मिनिटांनी पुन्हा थबकला. या खेपेला मागे दोनशे फ्रिज होते.

“बाबा, मी काय म्हणत होते, मागच्या वेळी...” लेक म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा कातरला गेला.

बंद दारामागचं गुपित राखायचं तर सल्ला घेता येत नाही, आणि सल्ला घेतल्याशिवाय मध्यमवर्गीय माणसाला कुठलंही यंत्र बिघडल्याचं समाधान मिळत नाही. साहेबांनी मधला मार्ग काढला. त्यांनी खालच्या बाकावर बसून ‘एका ओळखीच्या गृहस्थांचा’ लॅपटॉप बिघडल्याचं सांगितलं. बाकावर सोसायटीचे सेक्रेटरी होते, जे उभी हयात टेलिफोन खात्यात काढून आले होते, आणि तळमजल्यावरचे होमिओपथीचे डॉक्टर होते.

“लाइन तपासा,” सेक्रेटरी म्हणाले. त्यांना कुणी गुडघा दुखतो म्हटलं असतं तरी त्यांनी लाइनच तपासायला सांगितली असती. “खांबावरून घरात येते ना, तिथे पाणी शिरतं. त्या गृहस्थांना म्हणावं, वायर उचला आणि झटका द्या.”

डॉक्टरांनी मात्र रीतसर चौकशी केली. “तापतो का?”

“तापतो.”

“डावीकडे जास्त, की उजवीकडे?”

साहेबांनी आठवून सांगितलं, “उजवीकडे.”

“संध्याकाळी वाढतं?”

“रविवारी संध्याकाळी.”

डॉक्टर जरा वेळ डोळे मिटून बसले. “आठवड्यातून एकदाच, ठरावीक वेळी, उजव्या अंगाला,” ते म्हणाले. “हे मनाचं आहे. त्या गृहस्थांना रविवारी कसली काळजी असते का, ते बघा.”

साहेबांना हा सल्ला अगदीच टाकाऊ वाटला, पण त्या दिवशी जिना चढताना ते मधल्या पायरीवर थोडे थांबले.

दुसऱ्या मजल्यावर एक सून होती, ती संगणकाच्याच कंपनीत होती. तिला विचारलं असतं तर सगळं प्रकरण दहा मिनिटांत मिटलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी साहेबांचा मोबाइल आपोआप इंग्रजीतून कुठल्यातरी परक्या लिपीत गेला होता, तेव्हा तिने तो एका बोटाने सरळ करून दिला होता आणि वर “काही नाही काका, होतं असं,” म्हणाली होती. त्या ‘होतं असं’ची बोच साहेबांच्या मनात अजून होती. तिच्या दाराशी पुन्हा जायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मग घरगुती उपाय सुरू झाले. तापतो म्हणून लॅपटॉप चार वाट्या पालथ्या घालून त्यांवर ठेवला. समोर टेबलफॅन लावला. पंख्याने वही उडाली म्हणून वहीवर खलबत्ता ठेवला. खलबत्त्याचा बत्ता घरंगळून वाटीला लागला आणि लॅपटॉप एका कोपऱ्यावर बसला, तेव्हा साहेबांनी चारही वाट्या चिकटपट्टीने टेबलाला जखडल्या. बाईंनी आमटीला वाट्या शोधल्या तेव्हा दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी त्या आत डोकावल्या.

“अहो, एवढं अडतंय तर दुकानात दाखवा ना.”

“मी शोधतोय ना.”

“सापडेल म्हणा,” बाई म्हणाल्या. “तेहतीस वर्षं शोधलंत, सवय आहे.” आणि दार हळूच ओढून घेऊन गेल्या.

शेवटी साहेब सर्व्हिस सेंटरला गेले. काचेचं दार, थंडगार हवा, टोकनचं यंत्र. त्यांचा नंबर लागला तेव्हा काउंटरवरच्या मुलीने आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग साहेबांच्या मागे पाहिलं.

“नातू आलाय का बरोबर?”

“नातू नाही मला.”

“मग हा वापरतं कोण?”

“मी.” साहेबांनी हा शब्द असा उच्चारला, की शेजारच्या काउंटरवरचं बोलणं थांबलं.

फॉर्ममध्ये ‘वापराचा उद्देश’ असा रकाना होता. साहेबांनी बराच विचार करून ‘वाहतूक’ असं लिहिलं. मुलीने ते खोडून ‘गेम्स’ केलं. मग निघालं, की यंत्राची नोंद लेकीच्या नावावर आहे, तेव्हा मालकाचं संमतिपत्र हवं. लेकीने पत्राचा फोटो पाठवला. मुलगी म्हणाली, फोटो चालत नाही, मूळ प्रत हवी. इथे साहेबांना संतापायचा पूर्ण हक्क होता, पण अडचण अशी झाली, की स्वतः तेहतीस वर्षं ते खिडकीच्या आतल्या बाजूला बसून हेच वाक्य बोलत आले होते, अगदी याच सुरात. बाहेरच्या बाजूने ते कसं ऐकू येतं ते त्यांना पहिल्यांदा कळलं. ते गुपचूप घरी आले आणि मूळ प्रतीची वाट पाहत बसले.

पत्र आलं, लॅपटॉप जमा झाला, चार दिवसांनी परत मिळाला. बरोबर छापील कागद होता. ‘तपासणी केली असता दोष आढळला नाही.’

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. हे वाक्य तर त्यांचंच होतं. किती लोकांच्या ओल्या भिंतींवर, किती रिकाम्या टाक्यांवर त्यांनी ते लिहून दिलं होतं आणि खाली सही केली होती, ती न वाचता येणारी सही.

“दोन दिवस सलग चालवून पाहिलं, सर,” आतला इंजिनीअर बाहेर येऊन म्हणाला. माणूस सज्जन होता. “काही प्रॉब्लेम नाही.”

“रविवारी चालवून पाहिलंत?”

“रविवारी आम्हाला सुट्टी असते.”

तरी त्याने एक उपकार केला. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसेल अशी सोय करून दिली. एका सेकंदात यंत्र किती चित्रं काढतं ते त्यावरून कळतं, तो म्हणाला. साठच्या आसपास असेल तर ठीक, वीसच्या खाली गेला तर गाडी थबकणारच. साहेबांचे डोळे लकाकले. म्हणजे हा दाबमापक झाला. काटा वाचता येणाऱ्या माणसाच्या हाती दाबमापक द्यावा, मग बाकीचं तो बघून घेतो.

चौथ्या रविवारी साहेब तयारीने बसले. पाच एकतीसला आकडा साठ. पाच बत्तीसला साठ. लेक म्हणाली, “बाबा, आज तरी नीट ऐका हं, मला परवापर्यंत कळवायचंय ऑफिसला,” आणि पाच चौतीसला आकडा चौदावर आला.

“थांब,” साहेब म्हणाले. “गाडी कडेला घे. मी झडपा बंद करून येतो.”

“काय करून येता?”

हे खात्यातलं जुनं काम होतं. वस्तीत पाणी कुठेतरी मुरतंय आणि ठिकाण सापडत नाही, तर एकेका गल्लीची झडप बंद करत जायचं आणि काट्याकडे बघायचं. ज्या झडपेला काटा वर येतो, गळती त्या गल्लीत. साहेबांनी हेडफोन काढून ठेवला आणि उठले. बाहेरच्या खोलीतला टीव्ही मुळापासून बंद केला, येऊन पाहिलं, चौदा. फ्रिजचा प्लग काढला, चौदा. स्वतःचा मोबाइल बंद केला, चार्जिंगला लावलेला बाईंचा मोबाइल बंद केला, दाराची बेलसुद्धा बंद केली. चौदा, चौदा, पंधरा आणि परत चौदा. आता एकच गल्ली उरली होती. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. साहेबांनी ते सवयीने, आवाज न करता उघडलं.

बाई ओट्याजवळ स्टुलावर बसल्या होत्या. समोर डब्याला टेकवून लेकीने पाठवलेला टॅब उभा केला होता. त्यात एक ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता, त्याचा इंडिकेटर लुकलुकत होता. तो साहेबांचा ट्रक होता. टॅबमधून बारीक, तुटका आवाज येत होता, “बाबा? आहात ना?”

आणि बाई त्या टॅबला हळूच म्हणाल्या, “आहेत गं. येतायत.”

साहेब दारातच उभे राहिले. लेकीला हे ऐकू जाणार नव्हतं, हे त्यांना कळत होतं. बाईंनाही कळत असणार.

चाहूल लागून बाईंनी मागे पाहिलं आणि टॅब एकदम बंद करून पालथा घातला, शाळेत पोरं बाकाखाली काही लपवतात तसा. आत जाऊन साहेबांना बघायची गरजच नव्हती, तरी ते जाऊन बघून आले. आकडा साठ.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“तीन आठवडे होतील. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेने करून दिलं. तुमच्या पडद्यावरचं सगळं यात दिसतं. तुमचं बोलणं भिंतीतून येतं, तिचं यातून.” मग त्या म्हणाल्या, “माझ्यामुळे अडतंय हे मला कुठे माहीत? तुम्ही पंखे लावत होतात, मला वाटलं तापत असेल.”

“आत येऊन बसायचंस ना.”

बाई जरा हसल्या. “मी आले की तुम्ही दोघं गप्प बसता. फोनवर बघतेच ना. मी नसते तेव्हा बोलता. म्हणून म्हटलं, नसलेलीच बरी.”

 साहेब खोलीत परत गेले तेव्हा लेकीची वेळ संपत आली होती. “परवापर्यंत कळवायचं होतं ना?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “मागून घेते एक आठवडा. पण पुढच्या रविवारी नक्की, बाबा.”

खात्यात अनधिकृत जोडणी सापडली की दोनच वाटा असत. तोडायची, नाहीतर कागद करून नियमित करायची. साहेबांनी जन्मभर तोडण्याच्या बाजूने मत दिलं होतं. आताही तसं अवघड नव्हतं. बाईंना नुसतं म्हटलं असतं, की एवढा एक तास टॅब लावू नकोस, तर त्यांनी लावला नसता, आणि पुन्हा कधी विषयही काढला नसता. तेच साहेबांना सहन होईना. सोमवार ते बुधवार ते वही पुढ्यात घेऊन बसले आणि काही लिहिलं नाही. दर रविवारी दार लावताना दाराच्या पलीकडे कुणी आहे हे आपल्या डोक्यातही आलं नव्हतं, या गोष्टीची त्यांना मनापासून लाज वाटली.

गुरुवारी साहेब दुसऱ्या मजल्यावर गेले. सुनेने दार उघडलं आणि त्यांना पाहून तिचा चेहरा पडला.

“काका, मी काकूंना सांगणारच होते, की टॅब लावला की लॅपटॉपवर लोड येतो...”

“तो विषय नाही,” साहेब म्हणाले. “टाकी एक आहे. घरं दोन आहेत. दोघांना पाणी पुरेल असं करायचंय. आहे काही उपाय?”

ती थोडी विचारात पडली. “उपाय आहे. तुमच्याकडचं चित्र थोडं साधं करावं लागेल. लांबची झाडं, सावल्या, पाऊस, असं सगळं कमी करायचं. दिसायला तेवढं छान राहणार नाही.”

“करून दे. नाही, थांब. दाखव. मी करतो.”

शुक्रवारी साहेबांनी स्वतःच्या हाताने एकेक गोष्ट कमी केली. सावल्या काढल्या. नद्यांमधली चमक काढली. पाऊस बंद केला. डोंगरांवरचं गवत गेलं, मग डोंगरही जरा बोथट झाले. आरशात मागची गाडी दिसायची, ती मात्र त्यांनी ठेवली, कारण मागे लेक असायची. झाडं काढताना त्यांचा हात थोडा रेंगाळला. बाईंचा टॅब सुरू करून पाहिला तेव्हा आकडा अडतीसवर येऊन स्थिर झाला. साठ नाही, पण थबकत नाही. साहेबांनी वहीत लिहिलं, ‘जोडणी नियमित केली,’ आणि खाली वाचता येईल अशी सही केली.

बाईंना ते काही बोलले नाहीत. रविवारी पाच वाजता त्या स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा टॅब पूर्ण चार्ज करून डब्याला टेकवून ठेवलेला होता, आणि स्टुलावर खोलीतली उशी होती.

“बाबा, तुमच्याकडे झाडं दिसत नाहीत का?” लेकीने विचारलं. “मघाशी तुम्ही म्हणालात रस्ता मोकळा आहे, इथे तर जंगल आहे.”

“मला मोकळाच दिसतो. तू बोल.”

आकडा अडतीस. लेक थोडा वेळ नुसती चालवत राहिली. मग म्हणाली, “तुमच्या जावयाची बदली झालीय. देशाच्या दुसऱ्या टोकाला. घर बघून आला, घरमालकाला हो म्हणून आला. मी राजीनामा कधी देणार ते विचारतोय. वाईट नाहीये हो तो, बाबा. त्याला खरंच वाटतंय की आमचं ठरलंय. मी आठवून बघते, तर मला कुणी विचारल्याचं आठवतच नाही.”

“हं,” साहेब म्हणाले.

“म्हणून मला तुम्हाला विचारायचं होतं. आईने शाळा सोडली तेव्हा तुम्ही तिला विचारलं होतं का?”

या प्रश्नाचं उत्तर घरात तयार होतं. सत्तावीस वर्षं ते पाहुण्यांपुढे, नातेवाइकांपुढे दिलं जात होतं, आणि ते असं होतं, की आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. ते सांगताना साहेबांनी बाईंकडे कधी पाहिलं नव्हतं. आता तर मध्ये भिंत होती. भांड्यांचा आवाज कधीच थांबलेला होता. तेच उत्तर आताही देता आलं असतं. ते भिंतीपलीकडे कसं ऐकू जाईल, एवढाच प्रश्न होता, आणि साहेबांचा उभा जन्म जमिनीखालचं ऐकण्यात गेला होता.

“नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“विचारलं नव्हतं. बदलीचा कागद आणून दाखवला आणि सामान कधी बांधायचं ते विचारलं. ती म्हणाली, सहामाही परीक्षा झाल्यावर. मी म्हटलं, एवढं थांबता येणार नाही. नंतर मी सगळ्यांना सांगत आलो, की आमचं ठरलं होतं. तसं काही ठरलं नव्हतं. चुकलं माझं. सत्तावीस वर्षांत मी हे तिला सांगितलं नाही.”

 दोन्ही गाड्या एकामागे एक सरळ रस्त्याने जात राहिल्या, एक जंगलातून आणि एक उघड्या माळावरून.

दार उघडल्याचा आवाज आला. बाई पदराला हात पुसत आत आल्या. साहेबांनी हेडफोनची वायर उपटून काढली, तसा गाडीचा घरघराट खोलीत घुमला. बाई लॅपटॉपपुढे वाकल्या, आणि माइक कुठे असतो ते माहीत नसल्यामुळे सरळ पडद्यातल्या रस्त्याशी बोलल्या.

“हे बघ, मला विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. पण मग ते मी म्हटलेलं असतं. त्याला सांग, ‘आधी मला विचार.’ मग हो म्हण, नाही म्हण, तुझं तू बघ.”

“आई?” लेक ओरडली. “तू तिथे काय करतेयस? कधीपासून ऐकतेयस?”

“महिना झाला. तुझ्या बाबांना वाटत होतं लॅपटॉप बिघडला.”

पलीकडून लेकीचं हसणं ऐकू आलं, आणि मग ते हसणं राहिलं नाही. बाई सरळ झाल्या. डोळ्यांना लागलेला पदर खाली घेऊन त्यांनी वाट्यांकडे पाहिलं, चिकटपट्टीकडे पाहिलं. त्या जायला वळल्या.

खोलीत खुर्ची एकच होती. साहेब उठले. गाडी भर रस्त्यात, इंडिकेटर न देता उभी राहिली.

“बसतेस का?” त्यांनी विचारलं.

बाई दारात थांबल्या आणि त्यांनी वळून साहेबांकडे नीट पाहिलं.

“विचार करून सांगते,” त्या म्हणाल्या, आणि गॅस बंद करायला आत गेल्या.